पावसाळ्यातले सूर्यडाग

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. आठवली की अजून तोंड कडू होतं.

गच्चीवर छोटी दुर्बीण मांडून मी सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडत असे, त्यावरचे डाग पेन्सिलीनं रेखून मोजत असे आणि महिन्याचा तक्ता युरोपातल्या एका वेधशाळेला धाडत असे. कितीतरी देशांतून असे तक्ते तिथं जायचे आणि सगळ्यांचा मिळून रोजचा एक आकडा ठरायचा. नियम कडक होता: सूर्य दिसला नाही तर चौकट कोरी ठेवा. इथं ढग असले तरी दुसऱ्या कुठल्या देशात ऊन असतंच. दीड वर्ष मी हे इमानानं केलं. त्यांच्या यादीत कोल्हापूर होतं, याचा मला केवढा अभिमान!

मग जुलै आला. शिपाईमामा रोज विचारायचे, "बाई, सूर्य गावात हाय का न्हाय?" तक्त्यात चारच आकडे पडले. शिक्क्यासाठी तो हेडमास्तरांकडे नेला, तर ते म्हणाले, "परदेशात कोरा कागद पाठवता? शाळेची अब्रू काय राहील? मागच्या महिन्याच्या अंदाजानं भरा. आणि एकसारखे आकडे नकोत, जरा मागंपुढं करा." तपासणीच्या आदल्या दिवशी हजेरीपट भरून घेणारे गृहस्थ ते; आता सूर्याची हजेरी लावायला निघाले होते. मला शिसारी आली. पण नोकरी कच्ची होती. मी मुकाट्यानं भरला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. जुलैत डागांचा एक भलामोठा पुंजका आठवडाभर सगळ्या देशांना दिसला होता, फक्त कोल्हापूरला दिसला नव्हता. त्या दिवसांची चित्रं पाठवावीत, अशी विनंती होती. चित्रं कुठून आणणार? "वाळवीनं खाल्ली म्हणून कळवा की," हेडमास्तर म्हणाले. निलाजरेपणालाही काही हद्द असते! या वेळी मात्र मी खरं ते लिहून टाकलं.

उत्तर सभ्य होतं. कोऱ्या चौकटी चालल्या असत्या. पण न पाहता लिहिलेलं एकदा आढळलं की बाकीच्यावर विसंबता येत नाही, म्हणून तुमचं सगळं दीड वर्ष वगळत आहोत.

"सूर्याला काय फरक पडतोय?" म्हणत हेडमास्तर हसले. त्या हसण्याची मला किळस आली.

पत्रासोबत जुलैचा तक्ता परत आला होता. एकतीसच्या एकतीस चौकटी माझ्याच सुबक अक्षरात भरलेल्या. त्यातले चार आकडे खरे होते. कुठले चार, ते कितीतरी वेळ मलाही ओळखता येईना.