मेसमधलं बियाणं

पंच्याण्णव सालच्या जूनमध्ये वारणानगरच्या स्टॉपवर कोल्हापूरची एसटी लागली, तेव्हा आईनं माझ्या पिशवीत शेवटची वस्तू कोंबली. ओल्या फडक्यात गुंडाळलेले आल्याचे दोन तुकडे आणि पानं खुडलेल्या पुदिन्याच्या चार काड्या. निरोपाला तुम्ही कॉलनीतल्या सगळ्याजणी उभ्या होतात. आपल्या कॉलनीतून नोकरीसाठी एकटी बाहेर पडणारी मी पहिली मुलगी, आणि माझ्या पिशवीत स्वयंपाकघरातला कचरा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पानी लई घालू नगंस, कुजतंय," एवढंच आई खिडकीतून म्हणाली.

तुमच्यातलं कुणी नंतर पुण्याला गेलं, कुणी दुबईला. मी तासाभरावरच्या कोल्हापुरात गेले आणि घर सुटल्याच्या गोष्टी लिहितेय म्हणून हसाल. हसा. घर सुटायला विमानच लागतं असं नाही.

आईला तुम्ही ओळखता. ती हॉस्टेलच्या मेसमध्ये भाजी चिरायला होती. संध्याकाळी येताना कांद्याची मुळाकडची बुडं, कोंब फुटलेलं आलं, पुदिन्याच्या काड्या, रताळ्याची टोकं पदरात बांधून आणायची. मेसवाल्यांना सांगून आणायची, लपवून नाही. क्वार्टरच्या मागं हातभर जागा होती, तिथं आणि वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत ती हे सगळं लावायची. आठ-दहा दिवसांत कांद्याची पात वर यायची. ती पात वाटी भरभरून तुम्हीच नेलीत, आणि माघारी तिला 'खरकटंवाली'ही तुम्हीच म्हणालात. मी विसरलेली नाही.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, राग मात्र वेगळा होता. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवसापासून गावाचं उष्टं घेणं बंद केलं. त्यापायी उपाशी राहिले, शिव्या खाल्ल्या, पण पुन्हा कुणाच्या दारात भाकरीच्या तुकड्यासाठी उभे राहिले नाहीत. अशा माणसाच्या सुनेनं दुसऱ्याच्या स्वयंपाकातलं उरलेलं घरी आणावं, हे आबांना सोसायचं नाही. "माझ्या बापानं सोडलं त्ये तू पदरात घालून आणतीस व्हय?" ते विचारायचे.

आईचं उत्तर ठरलेलं. "उष्टं ताटातलं असतंय. ह्ये ताटात गेलंच न्हाय की. बियाणं हाय ह्ये."

आबांनी तिच्या डब्यांना कधी हात लावला नाही. आईचा नियम होता की आलं उकरलं की त्याचा पहिला तुकडा परत मातीत जायचा, मगच चहाचं आधण ठेवायचं. तो चहा आम्ही मायलेकी प्यायचो. आबांचा चहा वेगळा व्हायचा, बिनआल्याचा.

मंगळवार पेठेत मला माडीवरची खोली मिळाली आणि एका शाळेच्या ऑफिसात क्लार्कची नोकरी. आईची पुरचुंडी मी खिडकीत टाकून दिली होती. पंधरा दिवसांनी बघितलं तर आल्याला कोंब. न मातीत, न पाण्यात, नुसतं हट्टानं आलेलं. मला स्वतःचीच लाज वाटली. डब्यात माती भरून दोन्ही तुकडे लावले, आणि मग धीर न धरता दर दोन दिवसांनी उकरून बघत बसले. एक तुकडा त्या बघण्यापायीच मेला. दुसरा जगला.

त्या एका तुकड्यावर पुढची आठ वर्षं गेली. ऑफिसातले टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, मी क्लास लावून एमएससीआयटी केलं, आणि गॅलरीत डब्यांची संख्या अठरावर गेली. भाजीवालीकडून आलं मी एकदाही आणलं नाही.

दोन हजार तीन साली आबा कारखान्यातून रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं. आई-आबांनी कोल्हापूरलगतच्या उचगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आलं अजून तयार झालं नव्हतं, म्हणून आईनं ते डब्यांसकट परसात तसंच ठेवलं. नव्या बिऱ्हाडानं 'राखतो' म्हणून सांगितलं होतं. दिवाळीनंतर आई काढायला गेली तर तिथं फरशी घातलेली आणि फरशीवर मोटारसायकल उभी. आई रिकाम्या पिशवीनं परत आली. त्या रात्री ती जेवली नाही. तिच्या तीस वर्षांच्या परसातलं जे काही जिवंत होतं, ते आता फक्त माझ्या गॅलरीत होतं.

आणि त्याच महिन्यात घरमालकीण काकू वर आल्या. "खरकटं कुजवून माडी खराब करतीस. रविवारपातूर डबं खाली गेलं पायजेत." आठ वर्षं चाललेलं आताच का चालेनासं झालं, हे मी विचारलं नाही. आई-आबा नुकतेच राहून गेले होते, आणि काकूंनी त्यांना आडनाव, गाव, गावातली गल्ली असं सगळं विचारून घेतलं होतं. मी म्हणाले, "काकू, खरकटं न्हाय ते, बियाणं हाय. डबं जातील तिथं मीबी जाईन."

रविवारी टेम्पो आणला. एक खाट, एक कपाट आणि अठरा डबे. मी पुढं बसले नाही, मागं डब्यांजवळ बसले. कोपऱ्यावरच्या एकानं टेम्पोवाल्याला हटकलं, "काय पावणं, बाग कुठं निघाली?" टेम्पोवाल्याच्या आधी मीच ओरडून सांगितलं, "घरला."

उचगावात आबा दारात उभेच होते. टेम्पोवाला खाटेला हात घालणार, तेवढ्यात ते म्हणाले, "खाट ऱ्हाऊंदे. पयलं ह्ये." आणि आल्याचा डबा त्यांनी स्वतः छातीशी धरून आत नेला. आई उंबऱ्यात उभी होती. ती बाजूला झाली.

आमच्या नावावर सातबारा तेव्हा नव्हता, आजही नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी वारणानगर सांगत नाही, मंगळवार पेठ तर नाहीच. जिथून आम्हाला उठा म्हणाले, तिथून आम्ही बियाणं घेऊन उठलो, आणि जिथं ते लावलं ते आमचं घर. कुणाला पटत नसेल तर नसू दे.

जानेवारीत आलं तयार झालं. आबांनी डबा पालथा केला, गड्डा झटकला, त्याचा पहिला तुकडा मोडला आणि परत मातीत दाबला. हात धुऊन आले आणि आईला म्हणाले, "आता ठेव चा. मलाबी ह्योच."