कानबाईची खोटी नथ

माझा देवावर विश्वास आहे की नाही, हे त्या श्रावणापर्यंत माझं मलाच नीट ठाऊक नव्हतं. आरतीला टाळ्या मी सगळ्यांत मोठ्याने वाजवतो, पण त्यात भक्ती किती आणि प्रसादाची घाई किती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. असल्या माणसाने असा अनुभव लिहायला बसावं याचा मलाच संकोच वाटतो. पण न लिहिता राहवत नाही.

आम्ही पारोळ्याचे. मुलगी मनी एकोणीस वर्षांची, शिरपूरला कॉलेजात. कानबाईच्या सणाला ती घरी आली ती ताप घेऊनच. श्रावणात आमच्याकडे नारळाला डोळे, नथ, दागिने चढवून कानबाई देवी बसवतात. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे आणि संपवायचे. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. माझी आई, आम्ही तिला अक्का म्हणतो, या बाबतीत इतकी कडक की सख्ख्या जावयालाही तिने कधी रोट चाखू दिला नाही. तर त्या वर्षी रोटाचे गहू दळून झाले होते, आणि चौथ्या दिवशी मनीचा ताप उतरला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो तोच ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, माझी हजेरी लावा ना." मी हसलो. "लावली, बस खाली," असंही म्हणालो. मग तिने तेच पुन्हा म्हटलं, त्याच आवाजात, आणि तिच्या डोळ्यांत मी कुठेच नव्हतो. हसू तोंडावर तसंच राहिलं.

गावातले डॉक्टर म्हणाले, व्हायरल ताप कधी कधी मेंदूपर्यंत जातो, धुळ्याला न्या. निघताना मी देवघरातली डबी उघडली आणि कानबाईची नथ मनीच्या वेणीच्या रिबिनीत आतून दोऱ्याने टाचून दिली. बायकोलाही सांगितलं नाही. या नथीची एक गोष्ट आहे. मनी दहावीला असताना मी नवस बोललो होतो, पोरगी पास झाली तर कानबाईला सोन्याची नथ. पोरगी चांगली पास झाली. मी बाजारातून चकचकीत खोटी नथ आणली, सोन्याची म्हणून सांगितलं आणि भाऊबंदांकडून वाहवा घेतली. ही थाप मी दरवर्षी इतक्या तोऱ्यात मारत आलो की माझा मलाच तिचा विसर पडला होता.

धुळ्याला एमआरआयच्या खोलीबाहेर तिथल्या टेक्निशियन ताईंनी मनीच्या कानातलं, पैंजण, सगळं काढायला लावलं. "अंगावर धातूचं अजून काही?" मी नाही म्हणालो. मनात म्हटलं, सोन्याने काय होतंय! दार बंद झालं. आतून हातोडे मारल्यासारखे आवाज येऊ लागले, आणि अक्का बाकावर बसून डोळे मिटून पुटपुटत राहिली, "माय, मन्ही नातीले सांभाळ." थोड्याच वेळात आवाज एकदम बंद पडला. ताई तरातरा बाहेर आल्या. डोक्याची मागची बाजू फोटोत नुसती काळी दिसत होती. त्यांनी रिबीन उसवली, नथ काढली आणि टेबलावर चिठ्ठ्या अडकवायचं लोहचुंबक होतं त्याच्याजवळ नेली. नथ टुणकन उडून चिकटली.

"काका, काय केलंत हे? मशीन कसलं आहे, कल्पना तरी आहे का?"

"सोन्याची आहे हो ताई," मी म्हणालो.

"सोनं चिकटत नाही, काका."

शेजारी अक्का उभी होती. मी मान वर केली नाही. तेवढ्यात अपघाताचा पेशंट आला, त्याला आधी घेतलं, आणि आम्ही दीड तास मागे पडलो. तो दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. डॉक्टर काय सांगतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती आतून कुरतडत होती, की मी देवीला फसवलं आणि देवी आता ते माझ्या पोरीकडून वसूल करते आहे. शेवटी ते मी अक्कापुढे बोललो. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "माले पहिल्या वरीसपासूनच म्हाईत शे रे. धुतांना कायाकुट रंग निघे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चार लोकस्मा इतका मिरवे, काय बोलू? आन् माले म्हाईत शे तं कानबाईले नही का? ती काय सोनानी भुकी शे?"

मला रडू आलं. कॉरिडॉरमध्ये पन्नाशीचा माणूस आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतो आहे, हे दृश्य काही शोभेचं नव्हतं.

दुसऱ्या वेळचे फोटो स्वच्छ आले, आणि मेंदूच्या मधोमध एक लांबट पांढरा डाग दिसला. तिथले तरुण डॉक्टर गंभीर झाले. गाठ असेल किंवा रक्तपुरवठा अडला असेल. मुंबईला हलवायची तयारी ठेवा, कदाचित सुई घालून तुकडा काढावा लागेल. ते बोलत असतानाच एक वयस्कर गृहस्थ आत आले. मेंदूवर जाणाऱ्या विषाणूंच्या संशोधनात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्या दिवशी विद्यार्थ्यांना शिकवायला आले होते आणि गाडी यायला उशीर म्हणून सहज इकडे डोकावले. आमचा नंबर वेळेवर लागला असता, तर ते आले तेव्हा आम्ही कधीच वॉर्डात परतलो असतो. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"तापानंतर असा डाग क्वचित दिसतो. मी पाहिलाय. बहुतेकदा आपोआप जातो."

"नाही गेला तर?" मी विचारलं.

"म्हणून पाठीतलं पाणी तपासायचं, औषधं चालू ठेवायची आणि दहा दिवसांनी पुन्हा फोटो. डोक्यात सुई घालायची घाई नको. खात्री मी देत नाही हं."

"तोवर आम्ही काय करायचं?"

"थांबायचं. जमेल?"

मला आयुष्यात कधी थांबणं जमलेलं नाही. चहासुद्धा मी उकळायच्या आधी गाळतो. पण ते दहा दिवस थांबलो. पाण्याच्या तपासणीत वावगं काही निघालं नाही, तरी मनी कधी ओळखायची, कधी नाही. रोज सकाळी मी आधी दारातूनच तिला हाक मारून बघायचो. नवस बोलायला तोंड उघडायचो आणि मिटायचो. देवीशी सौदा करायची सोय मी माझ्या हातानेच घालवली होती. उरलं होतं एवढंच, "माय, तुला सगळं माहीत आहे, तूच बघ." भाऊबंदांनी गावी कानबाई बसवली, आणि तिच्या नाकात तीच नथ होती, अक्कानेच ती पाठवली होती. सहाव्या दिवशी मनीने मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, दाढी करा ना. भिकाऱ्यासारखे दिसताय." इतका गोड अपमान माझा कधी झाला नव्हता.

दहाव्या दिवशीच्या फोटोत डाग नव्हता. तरुण डॉक्टरांनी जुने नवे फोटो दोनदा शेजारी ठेवून पाहिले. ते वयस्कर डॉक्टर केव्हाच आपल्या गावी परतले होते. घाबरलेल्या माणसाला नाव विचारायचंही सुचत नाही. या घडण्याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही. त्यांना विचारलं तर ते आजाराचं नाव सांगतील, आणि ते खरंच असेल.

अक्काने पिशवीतून गावाहून आलेला, फडक्यात बांधलेला रोट काढला, वाळून कडक झालेला. तो त्या डॉक्टरांसाठी होता. ते नाहीत म्हटल्यावर तिने तो टेक्निशियन ताईंच्या, त्या दिवशी मला रागावल्या होत्या त्यांच्याच, हातात ठेवला.

"अक्का, रोट बाहेरच्याला?" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"बाहेरनं कोन शे रे आठे?" अक्का म्हणाली. "खाय वं पोरी. दात सांभाळ फक्त."

पुढच्या श्रावणात मी खरी नथ घ्यायला निघालो तर अक्काने अडवलं. म्हणाली, हीच राहू दे. तेव्हापासून कानबाई दरवर्षी आमच्याकडे तीच खोटी नथ घालून बसते, आणि भाऊबंद विचारतात तेव्हा मीच सगळ्यांना ती खोटी आहे म्हणून सांगतो. पूर्वी तिच्यासमोर बसलो की मनातल्या मनात सारखं काहीतरी लपवत असायचो. आता हात जोडतो आणि नुसता बसतो. मनी शेजारी बसून नथीकडे बघून हसते, आणि मी टाळ्या जरा हळू वाजवतो.