डाव्या बाजूचं माप

माप देताना बाई हात वर करून म्हणायच्या, "घट्ट नको रे. फळ्यावर वरपर्यंत लिहायचं असतं." चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये सगळे त्यांना बाईच म्हणत. मला त्यांनी चौथीत शिकवलेलं. पुढे मी शिलाईचं दुकान टाकलं तेव्हापासून त्यांचे ब्लाउज माझ्याकडेच.

तुम्हीही अशा बाई पाहिल्या असतील. दुकानात आल्या की आधी माझी मापांची वही उचलायच्या आणि लाल पेनाने शुद्धलेखन सुधारायच्या. एकदा गिऱ्हाइकांसमोर मला बाहीच्या घेराचा 'मुंढा' हा शब्द तीनदा लिहायला लावला. चाळिशीचा माणूस मी, पण निमूट लिहिला.

दोनेक वर्षांपूर्वी ट्रायलच्या वेळी डाव्या काखेखाली कापड ओढलं गेलं, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. डावी अर्धा इंच जास्त. दिवाळीला पाऊण, उन्हाळ्यात सव्वा. विचारावंसं वाटलं, पण बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या पुरुषाने गिऱ्हाइकाच्या अंगाविषयी ब्र काढायचा नसतो. आणि खरं सांगतो, मला त्यात मजाही वाटत होती. डावी बाजू अशी सैल करायची की पाहणाऱ्याला फरक कळू नये. बाई खूश होत्या.

यंदा एका सकाळी त्या फाइल घेऊन आल्या. खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेत गाठ दिसली होती. स्तनाची नव्हे; बरगड्यांवरच्या मांसात खोल, क्वचितच कुणाला होते अशी. दुखत नव्हती, हाताला लागली नव्हती. कधीपासून वाढतेय, असं डॉक्टर विचारत होते, आणि बाईंना माझी वही आठवली.

मी तारखांसकट आकडे वाचले. त्यांनी ते कागदावर उतरवून घेतले.

"म्हणजे तुला दिसत होतं."

"बाई, मला वाटलं..." मी वही मिटली.

"मला वाटायचं, ब्लाउज अंगाला बरोबर होतोय म्हणजे सगळं ठीक आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "एक जरी काचला असता, तर दाखवायला गेले असते रे."

त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. चार महिन्यांत बाई गेल्या.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांना साडी नेसवून ठेवलं होतं. अंगात मी शेवटचा शिवलेला ब्लाउज. त्यांची बहीण जवळ येऊन म्हणाली, दुसरा कुठलाच चढत नव्हता, तुमच्यामुळे निभावलं. ती मनापासून आभार मानत होती. मी मान डोलावली आणि ते आभार घेतले.