चक्क्याचा निरोप
“अरे भई, ये टायर है कि आरसा? ह्यात बघून दाढी करता येईल!” नया बाजारातल्या जुन्या टायरांच्या दुकानात वडील असे कडाडले की महाराज बाड्याच्या चौकातली कबुतरं उडून थेट आग्र्याला जाऊन बसली. आमचं ग्वाल्हेर नव्या प्रांतात गेलं होतं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या, आणि वडिलांनाही आमच्या चिमुकल्या, म्हाताऱ्या मोटारीतून बिऱ्हाड हलवायचं होतं. नवे टायर परवडत नव्हते, जुने धड मिळत नव्हते, आणि ते कधीच मिळू नयेत म्हणून आई देवाला साकडं घालत होती. “बदली रद्द झाली तर श्रीखंड करू,” एवढं मात्र वडील तिला म्हणाले होते. एका दुपारी कुणीतरी दारातून ओरडून गेलं, “बाईजी, साहब के चक्के का इंतज़ाम हो गया!” हिंदीत चक्का म्हणजे चाक, हे ग्वाल्हेरातल्याच लष्कर नावाच्या वस्तीत जन्मलेल्या आईला का ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी तिला मराठीच ऐकू आलं. चक्का आला, म्हणजे बदली टळली! तिनं घरातलं सगळं केशर दुधात भिजवलं. वास किल्ल्यापर्यंत गेला, शपथेवर सांगतो. संध्याकाळी वडिलांनी टांग्यातून चार टायर उतरवले. आज भोपाळात टायरच्या दुकानावरून जाताना मला रबराचा नाही, त्या केशराचाच वास येतो. त्या संध्याकाळी आईनं पदराला हात पुसत विचारलं, “म्हणजे जायचंच?” वडील म्हणाले, “परवा सकाळी.”