उभ्या ट्रकचा टॅक्स

पांढरकवड्याचा जहीर मिस्त्री हाताने जितका चलाख, तितकाच तोंडाने मुका. इंजिनातला बिघाड तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, पण घरात कुणाकडे काही मागायचं म्हटलं की त्याची जीभ उचलत नसे.

१९६२ च्या जुलैत त्याचा धाकटा भाऊ अय्यूब करंजीजवळच्या नाल्यात ट्रकसकट पडला आणि जागीच गेला. ट्रक दोघांनी मिळून घेतलेला, नाव जहीरचं. चेपलेला सांगाडा ओढत आणून गॅरेजमागे उभा केला.

सालाचा टॅक्स एप्रिलमध्येच भरून झाला होता, महिन्याला चाळीस रुपयांप्रमाणे. गाडी उभी राहिली की उरलेल्या महिन्यांचे पैसे सरकारकडून परत मिळतात, पण त्यासाठी गाडीचं पुस्तक कचेरीत जमा करावं लागतं, एवढं जहीरला ठाऊक होतं. पुस्तक अय्यूबच्या पेटीत आणि पेटी त्याच्या बायकोच्या, हलीमाच्या खोलीत. हलीमा नवरा गेल्यावरच्या इद्दतीत बसलेली. चार महिने दहा दिवस तिने परपुरुषासमोर यायचं नव्हतं, जेठासमोर, म्हणजे जहीरसमोरही नाही. जहीरने आईपाशी विषय काढला.

"त्याचे कपडे हायेत त्या पेटीत," आई म्हणाली. "आत्ताच उघडायले लावतं का तिले?"

जहीर पुन्हा बोलला नाही. पैसे कुठे पळून जातात, अशी त्याने मनाची समजूत घातली.

नोव्हेंबरात इद्दत सरली. हलीमाने पुस्तक काढून दिलं, जहीरने ते यवतमाळला नेऊन जमा केलं. त्याच आठवड्यात अदिलाबादहून तिच्या बापाचा निरोप आला, पोरीला पाठवून द्या म्हणून.

"इथंच राहाची इच्छा हाय, भाईजान," हलीमा म्हणाली. "पण तुमच्या चार लेकरांच्या ताटातलं खाऊन नाही. शिलाईची मशीन असती तर राहिली असती."

जहीरने हिशोब केला. ऑगस्ट ते मार्च आठ महिने, म्हणजे तीनशे वीस रुपये. बाजारात एक जुनी मशीन तीनशेला मिळत होती.

"साल सरलं की टॅक्सचे पैसे येतील," तो म्हणाला. "बापाले सांग, एप्रिलपर्यंत थांबा."

एप्रिलमध्ये कचेरीच्या खिडकीतून त्याच्या हाती आले एकशे साठ. त्याने दोनदा मोजले आणि आत बसलेल्या कारकुनाला, डोमाजीबाबूंना विचारलं, "साहेब, हे अर्धेच कायले?"

बाबूंनी कागद काढला. "पुस्तक वीस नोव्हेंबरले जमा केलं तुम्ही. पुढचे पुरे महिने चार. डिसेंबर ते मार्च."

"पण गाडी जुलैत फुटली. पंचनामा हाय."

"पंचनामा पोलिसांचा. पुस्तक तुमच्यापाशी होतं तवंपर्यंत गाडी रस्त्यावर धावून राह्यली, असंच सरकार धरते."

"चालवणार कोण होतं, साहेब?"

बाबू थांबले. माणूस उद्धट नव्हता. "कोणी वारलं का?"

"भाऊ."

"तवाच कोणाच्या हातानं पुस्तक पाठवलं असतं तर..." बाबूंनी वाक्य तिथेच सोडलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "इथं सही करा."

परतीच्या मोटारीत जहीरने घरी सांगायला तीन-चार कारणं जुळवून पाहिली. पण हलीमाने समोर येऊन विचारलं तेव्हा एकही तोंडातून निघालं नाही. जे होतं ते त्याने सांगून टाकलं.

हलीमा म्हणाली, "मले निरोप दिला असता तर आईच्या हाती दिलं असतं पुस्तक. रोज त्या पेटीपाशीच बसून राहत होती मी."

"तुले त्रास नको म्हणून..."

"मले कोणी इचारलंच नाही, भाईजान."

आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने पदर डोळ्यांवर घेतला. जहीरने नोटा हलीमापुढे ठेवल्या. त्यातले गाडीभाड्यापुरते तिने उचलले, बाकीचे आईच्या उशाखाली सरकवले. आठ दिवसांनी बाप आला आणि ती गेली.

दिवाळीनंतर अदिलाबादहून पोस्टकार्ड आलं. हलीमाचं दुसरं लग्न ठरलं होतं. जहीरने ते आईला वाचून दाखवलं.

"जाशील का?" आईने विचारलं.

"बोलावलं कुठं हाय," तो म्हणाला, आणि चपला पायात सरकवून कामावर निघाला.