कल्याणचा पत्ता

घर कारखान्याजवळ असणं चांगलं, असं मला शेवटच्या वर्षापर्यंत वाटत होतं. शिकलेल्या मुलीला इतकं अडाणी असायची परवानगी नसावी, पण होते खरी.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सत्रात सहा महिने कारखान्यात इंटर्नशिप करायची, ती नसेल तर पदवी अडणार, असा आमच्या कॉलेजचा नियम. कारखाना शोधायचा कुणी? आपला आपण. कॉलेजचे सर म्हणाले, "ओळखी वापरा." वर्गातल्या निम्म्या मुलांचे काका-मामा कुठल्या ना कुठल्या कंपनीत होते. माझे सगळे काका भाताच्या खाचरात होते आणि एकमेव मामा किन्हवलीला पिठाची गिरणी चालवत होता. गिरणीत मोटर असते, पट्टा असतो, बेअरिंग असतं, मामा म्हणालाही, "माज्याकडं कर की गो, मी लिवून देतो." तो गंमत करत नव्हता. मला मात्र हसताना रडू आलं.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीचं कुंपण आमच्या गावाच्या माळाला लागून आहे. लहानपणापासून तिथल्या भोंग्यावर आमच्याकडे चहा होतो. म्हणून मी पहिल्यांदा तिथेच गेले. प्रत्येक गेटवर एकच प्रश्न: "राहता कुठे?" आणि मी दर वेळी अभिमानाने बोट करून सांगायची, "ते काय, तिथे. चालत येईन. कधी उशीर होणार नाही." समोरचा माणूस मान डोलवायचा, कागद ठेवून घ्यायचा, आणि पुढे काहीच नाही. वसाहत संपली तशी मी शहापूरकडे वळले, आसनगावच्या बाजूचे कारखाने धरले. तिथेही शेजारच्या मुरबाडची म्हटलं की चेहरा तसाच व्हायचा. वर्गातली मुलं एकेक करून लागत होती. ग्रुपवर हेल्मेट घातलेले फोटो यायला लागले. मी तो ग्रुप म्यूट केला आणि तरी दर थोड्या वेळाने उघडून बघत राहिले.

शेवटी एका गेटवरच्या वॉचमनला माझी कीव आली. म्हातारा माणूस, साताऱ्याकडचा. म्हणाला, "पोरी, उगाच चपला झिजवू नको. गाववाले नकोत असं वरून सांगितलंय. गावातला एक आत घेतला की त्याच्यामागनं गाव येतं. काढता येत नाही, बोलता येत नाही."

त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटली. आईला काही कळेना. बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा अर्ज मागून घेतला आणि पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुझी आत्या हाय ना कल्याणला."

आत्याकडे राहूनच माझं कॉलेज चाललं होतं, फक्त शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना मी घरी असायची. म्हणजे अगदी खोटंही नव्हतं. मी अर्जावर कल्याणचा पत्ता घातला, जन्मगाव लिहायची जागा होती तिथेही कल्याण लिहिलं, आणि त्याच वसाहतीतल्या, माझा आधीचा कागद गेटवरच राहिला होता अशा एका कारखान्याकडे ऑनलाइन पाठवला. आडनाव आमचं चारचौघांसारखं, त्यावरून काही कळत नाही. तिथून लगेच बोलावणं आलं. माझे गुण तेच होते, मीही तीच होते.

कंपनी घरच्यांना फोन करून खात्री करते, असं मुलाखतीत कळलं. झालं, आता आईला शिकवणं आलं. आई चुलीपुढे बसून आत्याच्या इमारतीचं नाव, गल्ली, मजला पाठ करायची. मजल्याला अडायची, कारण आमच्या गावात मजला नावाची गोष्टच नाही. फोन आला तेव्हा तिने सगळं एका दमात म्हणून टाकलं आणि पलीकडच्या बाईने काही विचारायच्या आत फोन ठेवला. मग पदराने कपाळ पुसत म्हणाली, "काय पाप लागायचं ते मला लागूंदे."

कल्याणहून कंपनीची बस सुटायची. तिच्यात बसून मी रोज सकाळी माझ्याच घरावरून जायची. आई बरोबर त्या वेळेला शेळी घेऊन थांब्याजवळ उभी असायची, रस्त्याकडे पाठ करून. शेळीला चारा दाखवत राहायची. बस गेली की वळत असेल, मला ते कधी दिसलं नाही. शेजारी बसलेली पुण्याची मुलगी एकदा म्हणाली, "ही बाई रोज इथेच असते, बघितलंस?" मी म्हटलं, "हो का?" आणि खिडकीबाहेर बघायचं बंद केलं. आठवडाभर आई उभी असते की नाही तेही पाहिलं नाही मी. पुढच्या सोमवारी पुन्हा पाहिलं. होती.

काम मला आवडत होतं, हे सांगायलाच हवं. क्वालिटी विभागात मला गेज दिले होते. यंत्रावरून उतरलेले शाफ्ट, लोखंडी दांडेच ते, त्या गेजने मोजायचे, हजारात एखादा वाकडा सापडायचा, तो बाजूला काढायचा. सेफ्टी शूज एक माप मोठे होते, त्यांत आईच्या जुन्या पातळाचे बोळे कोंबले होते. ऑपरेटर लोक चहाच्या वेळी "गाववाल्यांचा त्रास" बोलायचे. मीही मान हलवायची. आपल्याच माणसांविषयी मान हलवताना मानेला काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

एका शुक्रवारी बाबांचा फोन आला. गावकीची बैठक झाली होती. गावातली पोरं शिकून घरी बसलीत आणि बाहेरची भरतायत, म्हणून वसाहतीतल्या कंपन्यांच्या गेटवर जायचं ठरलं होतं. घरटी एक माणूस. आमच्याकडे हा शब्द निघाला की वाद नसतो. देवळाचा पत्रा बदलायचा असो, विहिरीचा गाळ काढायचा असो, घरटी एक माणूस जातंच. न जाणाऱ्याच्या घरी उद्या लग्न असेल तर मांडवाला हात लावायला कुणी येत नाही, मयत झाली तर बांबू तोडायला येत नाही.

"तुमच्या कंपनीवर मंगळवारी," बाबा म्हणाले. "तू सुट्टी काढ."

"तुम्ही नका ना येऊ, बाबा."

"मी नाय आलो तर गावात राहायचं कसं, ते सांग."

मी सुट्टी मागितली. मंगळवारी ग्राहकाचं ऑडिट होतं, साहेब म्हणाले, आजारी पडलीस तरी ये. आमचे एचआरचे साहेब बोलायला गोड आणि कामाला निर्दयी. तेवढी एक सुट्टी घेतली आणि सर्टिफिकेटवर शेरा आला तर? इतकी वणवण करून मिळालेली गोष्ट हातातून जाईल या भीतीने मी गप्प बसले. मनाला सांगत राहिले, ते गेटबाहेर असतील, मी आत शेडमध्ये. कोण कुणाला बघतंय?

अकराच्या सुमारास साहेब स्वतः शेडमध्ये आले. "गेटवर गाववाले आलेत. बायकाही आहेत. बरोबर एखादी मुलगी असलेली बरी. चल." पुण्याची मुलगी ऑडिटवाल्यांबरोबर होती. मी म्हटलं, सर, मला नीट बोलता येत नाही. ते म्हणाले, तुला बोलायचं नाहीच आहे, फक्त उभी राहा.

गेटाच्या जाळीपलीकडे सगळं गाव होतं. मी जन्मले तेव्हा आईला बैलगाडीतून दवाखान्यात नेणारे होते, शाळेत मला ने-आण करणारे होते, बारावीला माझे पेढे खाल्लेले होते. पहिल्या रांगेत बाबा, डोक्याला टॉवेल बांधून. त्यांच्या बाजूला शेजारच्या घरच्या काकू. काकूंचं आणि आमचं बांधावरून फाटलेलं, माझी आई आणि त्या कित्येक वर्षं एकमेकींच्या दारात गेलेल्या नाहीत. आणि त्यांचा मुलगा माझ्याच शाखेचा डिप्लोमा. त्याने याच कारखान्यात अर्ज दिला होता. खरा पत्ता घालून.

मी गेटाशी पोचले आणि पुढे चाललेल्या घोषणा एकदम विरल्या. सगळ्यांनी मला पाहिलं. हेल्मेट होतं, पण हेल्मेटने काय झाकतं?

साहेबांना वाटलं, ते आल्यामुळे लोक गप्प झाले. त्यांना चेव आला. "शिकलेलं कोण आहे तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"माझा पोर हाय," काकू म्हणाल्या. "डिप्लोमा हाय. तुमच्याच गेटावरून परत धाडला."

"आम्ही मेरिटवर घेतो, ताई. मेहनत बघतो." आणि साहेबांनी माझ्या खांद्याकडे हात केला. "ही मुलगी बघा. रोज कल्याणहून येते. एवढ्या लांबून. एक दिवस खाडा नाही. तुमची मुलं गाव सोडायला तरी तयार असतात का?"

मला वाटलं आता जमीन फाटेल तर बरं. मागच्या रांगेतून एक म्हातारे आजोबा, मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेले, पुढे सरकले. "अरं, ही तर..." ते म्हणाले, आणि माझे पाय त्या बुटांत, त्या पातळाच्या बोळ्यांवर, गार पडले. सगळं संपलं. सहा महिने, पदवी, आईचा पाठ केलेला मजला, सगळं.

"ही बाई भायेरची हाय," काकू मोठ्याने म्हणाल्या. आजोबांकडे वळूनही बघितलं नाही त्यांनी. "तिला काय दाखवता, सायेब? तिला आमच्या गावचं काय म्हाईत? आमाला तुमचा जबाब पायजे, तिचा नको."

आजोबा गप्प झाले.  गावात एक गोष्ट सकाळी घडली तर दुपारपर्यंत किन्हवलीला पोचते, आणि तिथे तेवढं गाव उभं राहून ओळख विसरलं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हात जोडले. मला.

"मॅडम, तुमी आत जा," ते म्हणाले. "ऊन हाय."

मी आत गेले. दिवसभर शाफ्ट मोजले. किती वाकडे माझ्या हातातून सरळ म्हणून गेले असतील, सांगता येत नाही.

गावाला निवेदन ठेवून घेऊ एवढंच उत्तर मिळालं. माझी इंटर्नशिप पुरी झाली, सर्टिफिकेट मिळालं, पदवीही मिळाली. कंपनीने मला कायम ठेवलं नाही, इंटर्नला ठेवत नाहीतच. सध्या मी घरीच आहे आणि नोकरीचे अर्ज भरतेय.

सर्टिफिकेट मिळाल्यावरच्या रविवारी मी काकूंच्या दारात गेले. आई म्हणाली होती, "जाऊन ये. मी नाय येत, पन तू जा." काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मुलगा घरात नव्हता, भिवंडीला गोडाऊनमध्ये माल चढवायला लागला होता. डिप्लोमाची फ्रेम भिंतीवर होती. मला वाटलं होतं, मी काहीतरी बोलेन. येताना वाक्यं जुळवली होती. त्यांच्यासमोर एकही आठवेना. मी नुसतीच उभी राहिले आणि मला रडू फुटलं.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "तुझं झालं ना पुरं? मंग बस." मी बसले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आवाज खाली आणला. "त्याला पन तो पत्ता देशील का गो?"

मी हो म्हटलं. त्या एका पत्त्यावरून दोघं गेल्याचं कधीतरी उघडकीला येईल, हे मला कळत होतं. आत्याला विचारायला हवं होतं, हेही कळत होतं. तरी मी हो म्हटलं. फोन येतो, पत्ता घरच्यांना पाठ असायला लागतो, हे सांगितल्यावर त्या लगेच सरसावून बसल्या. मी एकेक शब्द सांगत गेले आणि त्या मागून म्हणत गेल्या. इमारत. गल्ली. मजल्याला त्याही अडल्या, आईसारख्याच. तीन-चारदा म्हणून घेतल्यावर जमलं, तेव्हा शाळेतल्या मुलीसारख्या खूश झाल्या.

मग एकदम थांबल्या. "आन गाव कुठलं म्हनून इचारलं तर?"

"गाव नाही म्हणायचं, काकू," मी म्हटलं.

त्यांनी तेही म्हणून बघितलं. "गाव नाय," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या. ते त्यांना पहिल्याच वेळी पाठ झालं.