पाठमोरा विद्यार्थी

विलिमाइनाकडे रसायनशास्त्र शिकायला कोण येत नसे? सुवा शहरातल्या एका वसतिगृहातली पहिल्या वर्षाची निम्मी मुलं संध्याकाळी पाचला आंब्याखालच्या लांब टेबलाशी हजर. कुणी रोटीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी घेऊन येई, कुणी नुसतंच रिकामं डोकं घेऊन. विली स्वतः दुसऱ्या वर्षाला. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. तिला शिकवण्याचे पैसे कुणी देत नव्हतं आणि तिनं मागितलेही नसते.

"मोल म्हणजे काय, हे घोकू नका रे," ती म्हणे. "बाजारात कसावा घेताना मुळं मोजता का? ढीग घेता. मोल म्हणजे ढीग. प्रत्येक ढिगात नग तेवढेच, संपलं."

तिची एक खोड होती. समजलं म्हणून मान हलवणाऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नसे. "मान बकरीही हलवते. आता तू मला शिकव," म्हणून ती वही त्याच्याकडे सरकवी आणि त्याच्या तोंडून सगळं उलट वदवून घेई. चूक सापडल्याशिवाय कुणी तिच्या हातून सुटत नसे. एक सोडून.

तो एक म्हणजे इसोआ. शेजारच्या टेबलाशी, सगळ्यांकडे पाठ करून बसायचा. कान मात्र इकडे आणि पेन्सिल सतत चालू.

शालेनीला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा ती चकितच झाली. शालेनी पहिल्या वर्षाची, दुसऱ्या बेटावरच्या लंबासाची, ऊस लावणाऱ्या घरातली, विलीच्याच खोलीत राहणारी. विषय एकदा काढला की तो सोडायचा नाही, हा तिचा स्वभाव.

"अगं, तो तुझ्या काकाचाच ना? मग असा रुसल्यासारखा का बसतो?"

"काकाचा म्हणजे माझा भाऊच. वयात आल्यावर आमच्यात बहीणभाऊ बोलत नाहीत. मान असतो तो."

"आमच्याकडे चुलतभाऊ डोक्यावर बसतो. बरं, चिठ्ठी?"

"नाही."

"फोनवर नुसता अंगठा?"

"शालेनी, मार खाशील."

सुवात वाढलेली मुलं हे आता फारसं पाळत नाहीत. पण विली आणि इसोआ कोरो बेटावरचे, दोघांची घरं एकाच कुंपणात, आणि तिथं लोक पाळतात. बारा वर्षांची झाल्यापासून विली त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दुष्टावा मुळीच नव्हता. तो दारात आला की ती पाय आखडून घेई, तो तिच्या ताटात मोठा मासा जाईल असं बघे. तेवढंच त्यांचं बोलणं.

इसोआ रसायनशास्त्रात एकदा नापास झाला होता. दुसऱ्यांदा झाला तर शिष्यवृत्ती बंद आणि मुलगा घरी. त्याची आई, म्हणजे विलीची चुलती, त्यांच्याकडे थोरली आई, सुट्टीत तिचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, "बाई, तू एवढ्या जगाला शिकवतेस. माझ्या पोराला तेवढा पार कर." विलीनं मान खाली घातली आणि हो म्हटलं. आता भावाला शिकवायचं कसं? तर शालेनीला शिकवायचं, मोठ्यानं, आणि त्यानं ऐकायचं. त्याला शंका आली तर तो हळूच शालेनीला सांगे, ती टेबलाला वळसा घालून येई आणि जणू तिचीच शंका असल्यासारखी विचारी.

"माझी परीक्षा आहे की त्याची, हेच कळेनासं झालंय," शालेनी कुरकुरे. पण करी.

असे तीन महिने गेले आणि गाडी रुळावर आली असं विलीला वाटू लागलं. इसोआच्या शंका शहाण्या होत चालल्या होत्या.

परीक्षेच्या आधीच्या सोमवारी, शिकवणीच्या शेवटच्या संध्याकाळी, तिनं आम्ल आणि अल्कली यांची गणितं घेतली. सगळी संध्याकाळ हायड्रोक्लोरिक आम्लाची चालली होती. एका आम्लाला एक अल्कली, एकास एक, असं म्हणून म्हणून जिभेला तीच सवय लागली. शेवटचं गणित सल्फ्युरिक आम्लाचं आलं आणि विलीनं तेही त्याच दणक्यात एकास एक सोडवून टाकलं. सल्फ्युरिक आम्लाला अल्कली लागतो दोन. ही तिला झोपेतसुद्धा येणारी गोष्ट, आणि तीच जिभेवरून घसरली. पोरांना उशीर झाला होता. त्या दिवशी तिनं कुणाकडून उलट वदवून घेतलं नाही.

मंगळवारी दात घासताना तिला ते आठवलं आणि तोंडातला फेस तसाच राहिला.

नाश्त्याच्या रांगेत तिनं एकेकाला गाठून चूक सांगितली. इसोआ रांगेत चार माणसं मागे होता. ती शालेनीकडे धावली. "त्याला सांग, सल्फ्युरिकला दोन. आत्ता."

शालेनी बॅग भरत होती. मामेबहिणीच्या लग्नाला लंबासाला निघाली होती. "सांगते, सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाकरवी निरोप धाडता आला असता. पण तुझ्या बहिणीनं तुला चुकीचं शिकवलं, हे परक्या पोरानं भावाला जाऊन सांगायचं? विलीला ते कसंतरीच वाटलं. शालेनीनं सांगितलंच असेल, असं तिनं मनाला पटवलं. मन असल्या वेळी फार पटकन पटतं.

शुक्रवारी सकाळी परीक्षेच्या दाराशी गर्दी होती. शालेनी विमानतळावरून थेट आली होती, हातावर मेंदी तशीच. विलीही तिथं आली होती.

"त्याला सांगितलंस ना?"

"कुणाला? काय?" शालेनीनं कपाळावर हात मारला. "देवा. विसरले ग मी."

तेवढ्यात नावं पुकारली जाऊ लागली. शालेनीचं पहिल्याच यादीत होतं. तिला आत ढकलत नेलं. इसोआ दहा पावलांवर उभा होता, ओठ हलवत काहीतरी घोकत. त्याच्याभोवती कोरोचीच पाचसहा मुलं होती, आणि चर्चमधल्या एक काकू त्यांच्यासाठी प्रार्थना करायला आल्या होत्या. नुसती हाक मारायची होती. इसोआ, दोन. एवढंच. विलीचं तोंड उघडलंसुद्धा. मग काकूंनी सहज तिच्याकडे बघून स्मित केलं आणि तिनं तोंड मिटलं. इसोआ आत गेला. ती तिथंच उभी राहिली, आणि स्वतःची इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

प्रश्नपत्रिकेत सल्फ्युरिक आम्लाचं गणित वीस गुणांचं होतं. इसोआ चार गुणांनी गेला.

कोरोची बोट सुटायच्या दिवशी विली धक्क्यावर गेली. शालेनीला तिनं ओढतच नेलं होतं. चटया, रॉकेलचे डबे, पिठाची पोती, माणसं, आणि त्यात इसोआ, खांद्यावर एकच पिशवी. त्यानं विलीला पाहिलं, नजर खाली घातली आणि शालेनीजवळ येऊन थांबला.

"तिला सांग," तो म्हणाला, "तिनं शिकवलं तसंच लिहिलं मी सगळं. तिनं खूप कष्ट घेतले. घरी मी हेच सांगेन."

त्यात टोमणा नव्हता. तो आभार मानत होता. विली शालेनीकडे वळली.

"शालेनी, त्याला सांग की..."

"मी नाही सांगणार," शालेनी रडवेली होऊन म्हणाली. "माझ्या निरोपानंच त्याचं वाटोळं झालं. तूच सांग."

विली त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "इसोआ, मी चुकीचं शिकवलं होतं. मला मंगळवारीच कळलं होतं. परीक्षेच्या दाराशी मी उभी होते आणि बोलले नाही."

चटईवर बसलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. इसोआच्या मानेवरची शीर ताठ झाली. तो बोलला, पण शालेनीशीच.

"तिला सांग, मला माहीत होतं. पुस्तकात दोन होतं. बुधवारी वाचलं मी. पण विचारू कसं? तू गावाला गेली होतीस. दुसऱ्या कुणाकरवी विचारलं असतं तर चार लोकांत तिची चूक काढल्यासारखं झालं असतं. मग मनाशी म्हटलं, पुस्तक जुनं असेल, ती सांगते तेच खरं."

शालेनीनं ते सांगायला विलीकडे तोंड वळवलं, पण विलीनं सगळं ऐकलंच होतं. इसोआनं पिशवी सावरली आणि तो फळीवरून बोटीवर गेला.